सगळ्यात अवघड खेळ

चष्म्याच्या दुकानामागे एक अरुंद खोली होती. तिथं काच कापायचं यंत्र पाणी उडवत घरघरत असे, टेबलावर काचेच्या चुऱ्याचा पांढरा चिखल साचत असे आणि त्या पसाऱ्यात बाह्या सरसावून बसलेल्या एक बाई फ्रेमच्या मापाने काचा घासून, कडा काढून, टचकन बसवत असत. त्यांना सगळे काचताई म्हणत. पन्नाशी ओलांडलेल्या, बारीक चणीच्या, बोलायला कमी आणि हाताला चोख. निम्मं आयुष्य त्यांनी त्या खोलीत काढलं होतं. यांच्या हातची काच कधी परत येत नाही, असं मालक नव्या माणसांना सांगत.

एका सोमवारी ती परत आली.

शाळेची बस चालवणारा ड्रायव्हर होता. चष्मा काउंटरवर ठेवून म्हणाला, "अहो, पायरी उचलून अंगावर येते माझ्या. सकाळी वळताना बस कठड्याला घासली. पोरं होती आत."

काचताईंनी चष्मा तपासायच्या यंत्राखाली धरला. उजव्या डोळ्याची काच डावीकडे होती आणि डाव्याची उजवीकडे. काम त्यांचंच होतं. पण असं कसं केलं ते काही केल्या आठवेना.

मालक चांगला माणूस. म्हणाले, "होतं एखाद्या वेळी, काचताई. मनाला लावून घेऊ नका."

नेमक्या याच वाक्याची काचताईंना भीती होती. त्यांच्या आईलाही सगळे हेच म्हणाले होते. आई दुकान चालवायची, हिशेब तोंडी. एकदा तिने गिऱ्हाइकाला चुकीचं सामान दिलं, तेव्हा घरातले म्हणाले, होतं एखाद्या वेळी. मग ती पातेल्यात पाणी न घालता ते चुलीवर ठेवू लागली, तेव्हा म्हणाले, वयाने होतं. शेवटी एका दुपारी काचताई माहेरी गेल्या, तर आईने दार उघडलं, हसून पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही कुणाकडे आलात? या ना, बसा." जन्मभर 'ए कार्टे' म्हणून हाक मारणाऱ्या आईच्या तोंडचं ते 'तुम्ही' काचताईंच्या कानात कायमचं रुतून बसलं होतं.

म्हणजे आता आपली पाळी, असं त्यांच्या मनाने घेतलं. नवरा बस डेपोत मेकॅनिक, दुपारपाळी करून रात्री जेवायच्या वेळेला घरी येणारा. त्याला सांगितलं नाही. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेलेल्या लेकीला सांगितलं नाही. मूग गिळून बसल्या.

दुकानात डोळे तपासायला एक गृहस्थ होते. अंधाऱ्या केबिनमध्ये बसून लोकांना अक्षरं वाचायला लावायची आणि चष्म्याचा नंबर काढायचा हे त्यांचं काम. काचताई त्यांना भाऊ म्हणत. भाऊंना एकच व्यसन होतं. डबा खाताना समोर लॅपटॉप उघडून ते राज्य चालवत. पडद्यावर जगाचा नकाशा, त्यावर रंगीबेरंगी देश, आणि भाऊ एका हाताने घास घेत दुसऱ्या हाताने तह करत. सगळे हसत. त्या दिवशी मालकांनी विचारलं, "एवढं काय असतं हो त्यात?" तर भाऊ म्हणाले, "यात शंभर गोष्टी एकदम डोक्यात धराव्या लागतात, साहेब. येरागबाळ्याचं काम नाही."

काचताईंनी ते ऐकलं. मालक गेल्यावर त्या स्टूल ओढून भाऊंच्या शेजारी बसल्या.

"भाऊ, या खेळांतला सगळ्यात अवघड कुठला?"

भाऊंचा घास हातातच राहिला. "तुम्हाला खेळायचाय?"

"हो."

"मग अवघड म्हणून निवडू नका. चष्म्याचा नंबर जास्त आहे म्हणून कुणी मिरवतं का? तुम्हाला कशात गोडी आहे ते सांगा. हे बघा, एका प्रकारात राजघराणं चालवायचं असतं. लग्नं, भाऊबंदकी, वारसा. आपला राजा म्हातारा होतो, मरतो, की आपण त्याच्या लेकाच्या जागी. हे माझंच घराणं." त्यांनी एक चित्र मोठं केलं. पांढऱ्या दाढीचा, भरकटलेल्या नजरेचा राजा. "याला भ्रम झालाय. काल स्वतःच्या मुलीला कैदेत टाकलं. ओळखलंच नाही तिला."

काचताईंनी स्टूल मागे सरकवलं. "हा नको."

"बरं. मग महायुद्धाचा आहे. कारखाने, रसद, आघाड्या. नवखा माणूस त्यात घुसला की पळून जातो. आणि हा तिसरा, जहाजं, व्यापार, थोडं युद्ध, थोडं राजकारण. काही शतकं चालतो. नकाशावरचा कुठलाही देश घ्या, तो तुमचा. जिंकायचं म्हणजे काय हेसुद्धा कुणी सांगत नाही. आपलं आपण ठरवायचं."

"हा चालेल."

भाऊंना चेव आला. जेवण बाजूला राहिलं. फक्त मूळ खेळ घ्या, म्हणाले, त्याला जोडायचे वीस-पंचवीस भाग विकत मिळतात, त्यांच्याकडे ढुंकूनही पाहू नका. सवलत लागेपर्यंत थांबा. आधी शिकवणीचा भाग करा. देश घ्याल तो लहानसा घ्या, कोपऱ्यातला, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगर, म्हणजे शेजारी त्रास देत नाहीत. काळ अगदी सावकाश चालू ठेवा, आणि कीबोर्डवरचं मोठं लांबट बटण दाबलं की तो थांबतो, हवा तेवढा विचार करा.

काचताई मान हलवत होत्या. पण त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की झाली होती. हा खेळ जमला तर डोकं शाबूत आहे. नाही जमला तर आईचा रस्ता.

सवलतीची वाट कोण पाहतंय? त्यांनी त्याच आठवड्यात लेकीच्या जुन्या कॉम्प्युटरवर खेळ उतरवून घेतला. तो कॉम्प्युटर मागच्या खोलीत, लेकीच्या रिकाम्या पलंगापाशी होता. नवऱ्याला म्हणाल्या, "हिचे जुने फोटो लावून ठेवते जरा." तो बरं म्हणाला.

संध्याकाळी नवरा पाळीवर असताना त्यांनी खेळ उघडला. शिकवणी केली नाही. परीक्षेला बसणारा माणूस पुस्तक उघडून बसतो का? लहान देशही घेतला नाही. नकाशाच्या मधोमध एक मोठा, चहूबाजूंनी शेजाऱ्यांनी वेढलेला देश होता, तो घेतला. पडदा भरून आकडे, चिन्हं, रंग, कडेला बटणांची रांग. त्यांनी एक दाबलं, एक खिडकी उघडली. दुसरं दाबलं, तिच्यावर आणखी एक. देश मात्र जागचा हलेना. वरच्या कोपऱ्यात तारीख होती, तीही तशीच. त्यांनी सैन्यावर टिचकी मारली, शहरावर मारली, समुद्रावर मारली. काही होईना. मग एकदम आठवलं. मोठं लांबट बटण! खेळ सुरू होतानाच थांबलेला होता, तो आपण चालू करायचा असतो.

भाऊंनी तीन-चार दिवसांपूर्वीच सांगितलं होतं, आणि आपण विसरलो. 

बटण दाबल्यावर जे झालं ते त्याहून वाईट. तारखा धावू लागल्या. घंटा वाजली, कुणी सरदार रागावला. पुन्हा घंटा, पूर्वेकडे बंड. ते बघेपर्यंत उत्तरेचा शेजारी सीमा ओलांडून आत. काचताईंनी सैन्य हलवलं, ते भलत्याच डोंगरात जाऊन बसलं आणि भुकेने निम्मं झालं. मग दक्षिणेचाही शेजारी आला. थांबवायचं बटण हाताखालीच होतं, पण भीतीने ते दाबायचंही सुचेना. देशाचे तुकडे एकेका रंगात गिळले गेले आणि त्या खुर्चीत बसून बघत राहिल्या.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा बसल्या. सैन्य उभं करायची खिडकी कुठली हे आठवेना. तिसऱ्या संध्याकाळी ती सापडली, पण कर कुठे बदलायचा ते गेलं. प्रत्येक विसरलेल्या बटणासरशी आई आठवायची. जोरजोरात बोलून लक्षात ठेवायचा प्रयत्न करू लागल्या, कारण शाळेत तसं करायच्या.

आणि मग घरात व्हायला लागलं.

काचताई सकाळचा चहा करून गॅस तसाच ठेवत, सिलिंडरवरचा खटका चालू. संध्याकाळी येऊन बघावं तर खटका बंद. मी कधी बंद केला? आठवत नाही. इस्त्री खिडकीपाशी असायची, ती कपाटाच्या वरच्या फळीवर सापडली. आईने चष्मा पिठाच्या डब्यात ठेवला होता ते त्यांना आठवलं. एके दिवशी स्कूटरची किल्ली खिळ्यावर नव्हती. सगळं घर धुंडाळल्यावर ती नवऱ्याच्या खणात एका मोज्यात मिळाली. काचताई तो मोजा हातात धरून तशाच पलंगावर बसल्या. आपण हे केलं आणि आपल्याला ठाऊकही नाही. आता घर पेटायचं बाकी आहे.

त्यांनी स्कूटर चालवणं सोडलं. चालत जाऊ लागल्या. बाहेर पडल्यावर कोपऱ्यापर्यंत जायच्या आणि कुलूप बघायला परत यायच्या. दुकानात एकेक काच पुन्हा पुन्हा तपासायच्या, कामाचा ढीग साचला. नवरा जेवताना त्यांच्याकडे बघत असायचा, आणि त्यांनी वर पाहिलं की ताटात बघायचा. त्याच्या लक्षात आलंय, असं त्यांना वाटे.

एका दुपारी भाऊंनी विचारलं, "काय काचताई, राज्य कसं आहे?"

"दोन आठवडे झाले. रसद कशी जाते ते अजून कळत नाही मला."

भाऊ खो खो हसले. "दोन आठवडे! अहो, मला दोन महिने लागले होते, आणि मी आधीचे तीन खेळ खेळून आलो होतो. पहिली पाच-सहा राज्यं बुडवल्याशिवाय..."

पुढचं त्यांना बोलता आलं नाही. काचताई तोंडावर पदर घेतल्यासारखा कामाचा अॅप्रन धरून रडत होत्या. भाऊंनी केबिनचं दार लावलं. अंधारात फक्त अक्षरांचा तक्ता उजळलेला. काचताईंनी सगळं सांगितलं. ड्रायव्हरचा चष्मा, आई, गॅसचा खटका, मोज्यातली किल्ली.

भाऊंनी "होतं एखाद्या वेळी" म्हटलं नाही. त्यांनी तक्त्यासमोरची खुर्ची मोकळी केली. मग म्हणाले, "त्या खुर्चीत बसा."

"कशाला?"

"शेवटचा नंबर कधी काढलात?"

काचताईंना सांगता येईना. इतकी वर्षं दुकानात, पण स्वतःचे डोळे तपासायला वेळ कुणाला. भाऊंनी जवळचं वाचायला दिलं. मोठ्या ओळी झरझर गेल्या. खालच्या बारीक ओळीत काचताईंनी सात म्हटलं तिथे दोन होता, तीन म्हटलं तिथे आठ.

"दिव्याखाली अंधार," भाऊ म्हणाले. "काचांच्या पाकिटांवर आकडे याहून बारीक असतात. उजवी-डावी तिथेच फिरली असणार."

"आणि किल्ली? ती काय मी डोळ्यांनी मोज्यात ठेवली?"

"ते मला माहीत नाही. त्याला डॉक्टर आहेत. पण काचताई, खेळ हा तपासणीचा तक्ता नाही. त्यात नापास झालात म्हणून काही सिद्ध होत नाही, पास झालात तरीही नाही. घरी सांगितलंत?"

"नाही."

"आज सांगा."

नवरा घरी आला तेव्हा त्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या. जेवण वाढलं नव्हतं. त्याने हात धुतले, पुसले, आणि त्यांचा चेहरा बघून तिथेच थांबला.

"अहो, मला आईसारखं होतंय."

तो भिंतीला टेकला आणि सरकत सरकत खाली बसला. डेपोत इंजिनं उचलणारा माणूस, पण त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"मी ऐकलंय. त्या दिवशी पाळी लवकर सुटली, मी लवकर आलो. तू मागच्या खोलीत एकटी बोलत होतीस. उत्तरेकडून आले, म्हणालीस. दोघं आले. माझी माणसं कुठं गेली, आत्ता तर इथं ठेवली होती." तो फरशीकडे बघत म्हणाला, "तुझी आई अशीच भिंतीशी बोलायची. मी पाय न वाजवता परत गेलो. मला तुला विचारायचं धैर्य झालं नाही."

काचताई आ वासून बघत राहिल्या. "मग?"

"मग काय. तू गेलीस की गॅस बंद करायचो. इस्त्री वर ठेवली, हाताला लागू नये म्हणून. स्कूटरची किल्ली लपवली. एवढ्या रहदारीत तू कुठं..."

"गॅस तुम्ही बंद करत होतात?"

"हो."

"आणि किल्ली? मोज्यात तुम्ही घातलीत?"

"हो, मीच."

काचताई त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या. बोलायला गेल्या तर हसू फुटलं, आणि हसता हसता रडू. "अहो, मेले मी. त्या किल्लीने मला मारून टाकलं. मला वाटलं मीच..." मग त्यांनी त्याचा हात धरून त्याला मागच्या खोलीत नेलं, कॉम्प्युटर चालू केला आणि नकाशा दाखवला. "हे उत्तरेचे. हे दक्षिणेचे. आणि ही माझी माणसं. डोंगरात उपाशी मेली."

त्याने पडद्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. "म्हणजे तू हे..."

"हो."

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो हाच," नवरा म्हणाला. जरा वेळाने त्याने हळूच विचारलं, "पण डॉक्टरकडे जाऊया ना?"

गेले. दोघं. मोठ्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर काचेचं दार. काचताई सांगतात की तेवढी भीती त्यांना कधीच वाटली नव्हती, कारण आता लपवायला काही उरलं नव्हतं. आत एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांना शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने परत विचारले. कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं. शंभरातून सात-सात वजा करत खाली यायला लावलं. रक्त तपासलं, डोक्याचा स्कॅन काढला. आठवडाभर जीव टांगणीला. मग बाई म्हणाल्या, आजच्या घडीला काही दिसत नाही.

"आणि पुढं?" काचताईंनी विचारलं.

"पुढचं मी सांगू शकत नाही. घरात कुणाला झालं होतं म्हणून तुम्हाला होईलच असं नाही, होणार नाही असंही नाही. वर्षाने या."

नवऱ्याला हे उत्तर आवडलं नाही. काचताईंना त्यातल्या त्यात तेच पटलं. निदान कुणी 'होतं' म्हणून त्यांना उडवून लावलं नव्हतं.

नवा चष्मा त्यांनी स्वतःच्या हाताने बसवला, भाऊंनी तपासला. बसच्या ड्रायव्हरला त्या जाऊन भेटल्या, खरं कारण सांगितलं. तो म्हणाला, "मग माझा जुना चष्माही एकदा बघा की," आणि दोघं हसले. पण त्यानंतर बरेच दिवस शाळेची बस दिसली की काचताई रस्त्याच्या कडेला उभ्या राहून ती नीट वळेपर्यंत बघत.

खेळ त्या सोडून देतील असं भाऊंना वाटलं होतं. काचताईंनी उलट एक दिवस डबा उघडताना विचारलं, "तो कोपऱ्यातला लहान देश कुठला म्हणालात?"

या वेळी त्यांनी आधी शिकवणी केली. भाऊंनी सांगितलं, सगळी बटणं शिकायच्या फंदात पडू नका, पहिली पन्नास वर्षं फक्त तीन गोष्टी बघा: तिजोरी, शेजाऱ्यांची मर्जी आणि धान्य. बाकीच्या घंटा वाजू देत. एखाद्या चिन्हावर बाण नेऊन थांबलं की ते काय आहे ते लिहून येतं, म्हणजे पाठ करायची गरजच नाही. हे कळल्यावर काचताई भाऊंवर भडकल्या. "हे आधी सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं."

काचताईंचा चेहरा पडला. भाऊंनी घाईघाईने मान हलवली. "नाही, नाही. खरंच नव्हतं सांगितलं. चेष्टा केली."

"अशी चेष्टा पुन्हा करू नका," त्या म्हणाल्या, आणि भाऊंनी कानाला खडा लावला.

तो देश म्हणजे समुद्रात घुसलेली जमिनीची एक जीभ होती, मासेमारीची तीन बंदरं आणि थोडं जंगल. काचताईंनी तो सांभाळला. युद्ध नाही, जमीन बळकावणं नाही. जंगलातल्या लाकडाची जहाजं बांधायची, मिठाचा व्यापार करायचा आणि मोठ्या शेजाऱ्याला खूश ठेवायचं. सुट्टीच्या दिवशी नवरा पलंगाच्या कडेला बसून बघू लागला. सुरुवातीला त्याला फक्त जहाजं कशी बांधतात यात रस होता. मग तो सल्ले देऊ लागला, आणि ते सगळे वाईट असत.

भीती गेली का? नाही. एखादं नाव जिभेवर येऊन अडकलं की काचताई अजूनही हातातलं काम सोडून ते आठवेपर्यंत बसून राहतात. वर्षाने त्या पुन्हा त्या हॉलमध्ये बसल्या, तेव्हा आदल्या दिवसापासून जेवल्या नव्हत्या. निकाल तोच आला. त्याच्या पुढच्या वर्षीही तोच. लेकीला सगळं कळल्यावर ती दोघांवर रागावली आणि दर रविवारी फोन करू लागली. आता फोनवर ती आईला आधी राज्याची खबर विचारते, मग तब्येतीची.

मागच्या रविवारी फोन चालू असतानाच मोठ्या शेजाऱ्याने दुसऱ्या कुणाशी युद्ध पुकारलं आणि काचताईंच्या देशाला मदतीला बोलावलं. नाही म्हटलं तर मैत्री जाणार, हो म्हटलं तर जहाजं.

"आई, नाही म्हण," लेक म्हणाली.

"हो म्हण," नवरा म्हणाला.

काचताईंनी बटणावर बोट ठेवलं. त्यांनी हो म्हटलं. खाडीच्या तोंडाशी लढाई झाली आणि वर्षानुवर्षं बांधलेली त्यांची जहाजं एकामागून एक बुडाली. नवरा उठून उभा राहिला.

"गेली?" त्याने विचारलं.

"गेली," काचताई म्हणाल्या. मग चष्मा वर सरकवून त्यांनी नकाशा जवळ आणला. "जंगल अजून आपलंच आहे पण. तुम्ही जरा चहा टाका."